चांदबिबी : दोन मुलांची पालक

(चांदबिबीने अहमदनगरचा किल्ला मोठ्या शौर्याने लढवला, हे तुम्ही इतिहासात वाचले असेल. हातात तलवार घेऊन तटावर उभी असलेली चांदबिबी आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. पण तिच्या जीवनाची आणखी एक बाजू आहे. तिने दोन लहान मुलांचे पालकत्व सांभाळले आणि त्यांतील एका मुलासाठी प्राण गमावले. तिच्या मनात कर्तव्य आणि माया यांची ओढाताण कशी झाली असेल, याचा विचार या पाठात केला आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, शाळेच्या प्रवेश-अर्जावर ‘पालकाचे नाव’ असा एक रकाना असतो. उर्दूत आपण पालकाला ‘सरपरस्त’ म्हणतो. बहुतेक मुले त्या रकान्यात वडिलांचे नाव लिहितात. कोणी आजोबांचे लिहितो, कोणी मामांचे, तर कोणी थोरल्या भावाचे. म्हणजे पालक हा जन्म देणाराच असतो असे नाही. ज्याच्या हाती एखादे मूल सोपवलेले असते आणि त्या मुलाविषयी ज्याला जाब द्यावा लागतो, तो पालक. सोपवलेले मूल ही अमानत असते. मराठीत तिला ‘ठेव’ म्हणतात. ठेव आपली नसते. पण तिला आपल्या वस्तूपेक्षाही अधिक जपावे लागते.

पालकाला मुलाची माया असते आणि त्याच्यावर काही कर्तव्येही असतात. पुष्कळदा या दोन्ही गोष्टी एकाच वाटेने चालतात. परंतु कधी कधी कर्तव्य एका बाजूला ओढते आणि माया दुसऱ्या बाजूला. कथा-कादंबऱ्यांत आणि सिनेमांत असे प्रसंग आपण पाहतो. आजकाल तुम्ही आवडीने पाहता त्या जपानी चित्रपटांतही असा एखादा रक्षक भेटतो. पण कल्पनेतील रक्षकापेक्षा आपल्या महाराष्ट्राच्या मातीत खरोखर होऊन गेलेल्या एका रक्षणकर्तीची कथा अधिक विचार करायला लावणारी आहे.

चांदबिबी ही अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची मुलगी. तिचा जन्म सुमारे १५५० साली झाला. विजापूरचा सुलतान अली आदिलशहा याच्याशी तिचे लग्न झाले. या लग्नात सोलापूरचा किल्ला तिच्याबरोबर विजापूरकरांना मिळाला. पूर्वीच्या काळी राजघराण्यातील लग्ने अशी किल्ल्यांच्या आणि तहांच्या हिशेबाने होत असत. चांदबिबीला फारसी, अरबी, कानडी आणि मराठी या भाषा येत होत्या, ती सतार वाजवी आणि चित्रेही काढी, असे सांगतात.

१५८० साली अली आदिलशहाचा खून झाला. त्याला मुलगा नव्हता. म्हणून त्याचा पुतण्या इब्राहिम याला गादीवर बसवण्यात आले. इब्राहिमचे वय त्या वेळी अवघे नऊ वर्षांचे होते. त्याची पालक म्हणून चांदबिबीची निवड झाली. पतीच्या मृत्यूचे दुःख बाजूला सारून तिने राज्याचा कारभार आणि त्या पोराचे शिक्षण अशा दोन्ही जबाबदाऱ्या पत्करल्या.

हे काम सोपे नव्हते. राजा लहान असला म्हणजे दरबारातील प्रत्येक मोठ्या माणसाला आपणच राजा व्हावे असे वाटू लागते. किश्वरखान नावाच्या सरदाराने सर्व सत्ता आपल्या हाती घेतली. चांदबिबी त्याच्या आड येऊ लागली, तेव्हा त्याने तिला इब्राहिमपासून दूर करून साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत टाकले. सुदैवाने ती कैद फार दिवस टिकली नाही. हबशी सरदारांनी किश्वरखानाची सत्ता उलथून टाकली आणि चांदबिबी विजापुरात परत आली. पुढे इब्राहिमच्या बहिणीचे लग्न अहमदनगरच्या राजपुत्राशी ठरले. तेव्हा सुमारे १५८४ साली चांदबिबी नवरीबरोबर आपल्या माहेरी आली आणि तेथेच राहिली.

तिने वाढवलेला इब्राहिम पुढे कसा निघाला, हेही तुम्हाला ठाऊक असायला हवे. दुसरा इब्राहिम आदिलशहा या नावाने तो प्रसिद्ध आहे. तो संगीताचा मोठा जाणकार होता. ‘किताब-ए-नौरस’ हा त्याचा गीतांचा ग्रंथ दखनी भाषेत आहे. दखनी म्हणजे आपल्या उर्दूचीच जुनी बहीण. लोक या सुलतानाला ‘जगद्गुरू’ म्हणत. मुलाचे घडणे हे एकट्या पालकाचे काम नसते. तरीही ज्या घरात माया आणि शिस्त दोन्ही असतात, त्या घराचा ठसा मुलावर राहतोच.

आता दुसऱ्या मुलाची हकीकत ऐका. १५९५ साली अहमदनगर राज्यावर एकामागून एक संकटे आली. चांदबिबीचा भाऊ बुऱ्हाण निजामशहा मरण पावला. त्याचा मुलगा इब्राहिम निजामशहा गादीवर आला. पण काही महिन्यांतच विजापूरच्या फौजेशी लढताना तो मारला गेला. चांदबिबीला काय वाटले असेल, याची कल्पना करा. एका इब्राहिमला तिने स्वतः वाढवले होते. दुसरा इब्राहिम तिच्या सख्ख्या भावाचा मुलगा होता. एकाच्या सैन्याने दुसऱ्याचा जीव घेतला. तिने रडावे तरी कोणासाठी आणि रागवावे तरी कोणावर?

पण रडायलाही सवड नव्हती. मारल्या गेलेल्या सुलतानाचा मुलगा बहादूर हा अगदी लहान होता. तोच गादीचा खरा वारस. परंतु मियान मंजू या मंत्र्याने त्याला जुन्नरजवळच्या चावंड किल्ल्यात बंदिवासात पाठवले आणि अहमद नावाच्या एका मुलाला गादीवर बसवले. हबशी सरदारांना हे मान्य झाले नाही. दोन्ही पक्षांत लढाई जुंपली. तेव्हा मियान मंजूने अकबर बादशहाचा मुलगा मुराद याला मदतीला बोलावले. घरातील भांडण मिटवायला बाहेरच्याला बोलावणे, यासारखी दुसरी चूक नाही. मोगल खरोखरच मोठी फौज घेऊन येताच मियान मंजू घाबरला आणि किल्ला चांदबिबीच्या हवाली करून निघून गेला.

चांदबिबीने बहादूरच्या नावाने द्वाही फिरवली. मूल चावंडला कैदेत, दारात शत्रू आणि सरदारांत फूट, अशा स्थितीत तिने पालकत्व स्वीकारले. जे मूल आपल्या जवळही नाही, त्याच्यासाठी किल्ला लढवायचा होता!

डिसेंबर १५९५ मध्ये मोगलांचा वेढा सुरू झाला. शहाजादा मुराद आणि सेनापती अब्दुर्रहीम खानखानान हे मोगल सैन्याचे प्रमुख होते. ज्याचे दोहे प्रसिद्ध आहेत, तोच हा रहीम. किल्ला मजबूत होता. त्याच्याभोवती खोल खंदक होता. म्हणून मोगलांनी जमिनीखालून सुरुंग खणून त्यांत दारू भरली. मोगल छावणीतील एका माणसाने ही बातमी गुपचूप किल्ल्यात पोहोचवली. किल्ल्यातील लोकांनी आतून खणत जाऊन काही सुरुंग निकामी केले. पण एक मोठा सुरुंग सापडण्याआधीच फेब्रुवारी १५९६ मध्ये उडाला आणि तटाला सुमारे पन्नास गजांचे भगदाड पडले.

त्या आवाजाने आणि धुराने शिपायांचे धैर्य खचले. ते पळण्याच्या बेतात होते. इतक्यात चांदबिबी चेहऱ्यावर बुरखा आणि हातात तलवार घेऊन भगदाडापाशी येऊन उभी राहिली. तिला पाहताच शिपाई परत फिरले. संध्याकाळपर्यंत मोगलांनी अनेक हल्ले केले. पण एकही सफल झाला नाही. रात्री तिने स्वतः उभे राहून भगदाड बुजवून घेतले. सकाळी मोगल पाहतात तो तेथे नवी भिंत उभी! तोफेचे गोळे संपल्यावर तिने तांब्याची, रुप्याची आणि शेवटी सोन्याची नाणी तोफेतून डागली, अशीही एक आख्यायिका लोक सांगतात.

दरम्यान विजापूर आणि गोवळकोंडा येथून मदतीच्या फौजा निघाल्या होत्या. विजापूरची फौज पाठवणारा सुलतान म्हणजे चांदबिबीने वाढवलेला इब्राहिम. काही महिन्यांपूर्वी ज्याच्या सैन्याने तिच्या भाच्याला मारले होते, तोच आता तिच्या मदतीला धावला.

किल्ला वाचला, पण किल्ल्यातले धान्य संपत आले होते. मोगलही थकले होते. तेव्हा तह झाला. तहात ठरले ते असे : वऱ्हाड प्रांत मोगलांना द्यावा आणि मोगलांनी बहादूरला अहमदनगरचा राजा मानावे. वेढा उठल्यावर चावंडहून बहादूरला आणून गादीवर बसवण्यात आले.

या ठिकाणी आपण थोडे थांबू या. चांदबिबीने एका मुलाच्या गादीसाठी एक सबंध प्रांत देऊन टाकला. हे योग्य झाले का? वऱ्हाड म्हणजे काही कोरा कागद नव्हता. तेथे शेते होती, गावे होती, माणसे होती. आपला आष्टीचा परिसरही त्या काळी वऱ्हाडच्या मुलखातच गणला जात असे. त्या तहाची खूण आजही आपल्या आष्टीत उभी आहे. वऱ्हाड मोगलांकडे गेल्यावर जहांगीर बादशहाने मुहम्मदखान नियाझी या अफगाण सरदाराला आष्टीची जहागीर दिली. त्याने पडीक जमिनी लागवडीखाली आणल्या. १६२७ साली तो मरण पावला. त्याची कबर आणि त्याच्यानंतर आलेल्या अहमदखानाची कबर यांवर मोगल पद्धतीच्या दोन इमारती शेजारी शेजारी बांधलेल्या आहेत. तुम्ही त्या पाहिल्या असतील. अहमदनगरच्या किल्ल्यात एका पालक बाईने केलेल्या तहाचा आपल्या गावाशी असा संबंध आहे.

तह झाला, तरी बहादूरचे संकट टळले नाही. नव्या पेशव्याने मनमानी सुरू केली. (‘पेशवा’ हा फारसी शब्द आहे आणि निजामशाहीतही मुख्य मंत्र्याला पेशवा म्हणत, हे लक्षात ठेवा.) चांदबिबीने विजापूरच्या मदतीने त्याला दूर केले. त्याच्या जागी आलेला पेशवाही तसाच निघाला. बहादूरला ताब्यात घ्यायचे आणि चांदबिबीला कैद करायचे, असा त्याचा डाव होता. तिला तो कळताच तिने किल्ल्याचे दरवाजे लावून घेतले आणि मुलाला आपल्याजवळ ठेवले. चार वर्षे ती अशी दुहेरी पहारा देत होती. बाहेरच्या शत्रूवर एक डोळा आणि घरच्या माणसांवर दुसरा.

१६०० साली शहाजादा दानियाल मोगलांची नवी फौज घेऊन आला. त्याला अडवायला गेलेला पेशवा न लढताच जुन्नरकडे निघून गेला. किल्ल्याला पुन्हा वेढा पडला. या वेळी चांदबिबीने वेगळा विचार केला. तिला दिसत होते, की आता किल्ला टिकणार नाही. तेव्हा किल्ला मोगलांना द्यावा, किल्ल्यातील लोकांच्या जीविताची आणि मालमत्तेची हमी घ्यावी आणि बहादूरला घेऊन जुन्नरला जावे, असे तिने ठरवले.

पाहा, ओढाताण कशी होती! किल्ला राखणे हे तिचे कर्तव्य होते. याच किल्ल्यासाठी ती चार वर्षांपूर्वी मरायला तयार झाली होती. आणि मूल जगवणे हेही तिचेच काम होते. पहिल्या वेढ्यात किल्ला राखला म्हणजे मूल राखले जाणार होते. दुसऱ्या वेढ्यात मात्र किल्ला धरून बसले, तर मूल हातचे जाणार होते. तिने मुलाची बाजू घेतली. दगडांचा तट पुन्हा बांधता येतो. मूल गेले, तर वारस गेला आणि माणूसही गेला.

तिने हा विचार दरबारातील एका अधिकाऱ्यापाशी बोलून दाखवला. त्याने ऐकून घेतले आणि बाहेर येऊन ओरडायला सुरुवात केली, की चांदबिबी शत्रूला फितूर झाली आहे! बातमी वणव्यासारखी पसरली. कोणी खातरजमा केली नाही. कोणी तिला विचारले नाही. चिडलेला जमाव तिच्या महालात घुसला आणि त्याने तिला ठार मारले. जे लोक एके काळी तिला पाहून भगदाडापाशी परत फिरले होते, त्यांच्याच किल्ल्यात हे घडले.

पुढे काय झाले? ऑगस्ट १६०० मध्ये किल्ला पडला. बहादूर मोगलांच्या हाती लागला आणि त्याला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत ठेवण्यात आले. म्हणजे किल्लाही गेला आणि मूलही गेले. तिचे ऐकले असते, तर कदाचित मूल तरी वाचले असते. निजामशाही मात्र लगेच संपली नाही. मलिक अंबरने नवा सुलतान गादीवर बसवून मोगलांशी झुंज चालू ठेवली. ती सत्ता १६३६ साली संपुष्टात आली.

काही जण म्हणतील, की चांदबिबीने आपल्या शिपायांना आधी विश्वासात घ्यायला हवे होते. ज्यांनी तिच्या शब्दावर रक्त सांडले, त्यांना तिचा बेत तिच्याच तोंडून कळायला हवा होता. हे म्हणणे अगदी चूक नाही. पालकाने केवळ योग्य निर्णय घेऊन भागत नाही. तो निर्णय इतरांना पटवूनही द्यावा लागतो. परंतु वेढ्यात सापडलेल्या आणि आपल्याच माणसांवर विश्वास ठेवू न शकणाऱ्या बाईला त्यासाठी किती वेळ मिळाला असेल, याचाही विचार केला पाहिजे.

अहमदनगरचा हा किल्ला आणखी एका ओढाताणीचा साक्षीदार आहे. १९४२च्या ऑगस्ट महिन्यात इंग्रज सरकारने पंडित नेहरू, मौलाना आझाद इत्यादी नेत्यांना याच किल्ल्यात कैदेत ठेवले. त्याच महिन्यात, १६ तारखेला, आपल्या आष्टीतील लोकही स्वातंत्र्यासाठी उठले होते. म्हणून आपल्या गावाला ‘शहीद आष्टी’ म्हणतात. मौलानांनी आपला ‘गुबार-ए-खातिर’ हा उर्दू ग्रंथ किल्ल्यातील त्या कैदेत लिहिला. ते कैदेत असताना त्यांची पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्यात फार आजारी पडली. पण सुटकेसाठी सरकारकडे विनंती करायला मौलाना तयार झाले नाहीत. एप्रिल १९४३ मध्ये बेगमसाहेबांचे निधन झाले. पतीपत्नींची शेवटची भेट झाली नाही. चांदबिबीने मायेसाठी किल्ला सोडायचे ठरवले. मौलानांनी कर्तव्यासाठी मायेचे दुःख गिळले. दोघांनाही किंमत मोजावी लागली. म्हणून अशा प्रसंगी एकच उत्तर सर्वांना लागू पडत नाही. माणसाला स्वतःच्या विवेकाला विचारून वाट निवडावी लागते.

अहमदनगरचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. त्या शहराजवळच्या डोंगरावर एक उंच इमारत दुरूनच दिसते. लोक तिला ‘चांदबिबीचा महाल’ म्हणतात. खरे म्हणजे तो सलाबतखान या निजामशाही मंत्र्याचा मकबरा आहे. चांदबिबीचा त्या इमारतीशी संबंध नाही. तरीही लोकांनी तिला तिचेच नाव दिले. जिच्यावर फितुरीचा आळ घेऊन तिला मारले, तिचे नाव लोकांनी जिभेवर जपून ठेवले आणि तिला मारणाऱ्यांची नावे विसरली गेली.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणावर धाकट्या भावंडाची जबाबदारी असेल, कोणी आजारी आजीची काळजी घेत असेल. उद्या तुम्हीही कोणाचे तरी पालक व्हाल. तेव्हा एक गोष्ट लक्षात ठेवा : ज्याची ठेव आपल्याकडे आहे, त्याचे हित आधी पाहावे, स्वतःची प्रतिष्ठा नंतर. आणि दुसऱ्या कोणावर फितुरीचा आळ येत असेल, तर ओरडण्याआधी एकदा त्याला विचारावे.

शब्दार्थ

जाब देणे – जबाब देणे, उत्तरदायी असणे
ठेव – अमानत
वारस – वारिस
द्वाही फिरवणे – राजाच्या नावाची जाहीर घोषणा करणे
भगदाड – भिंतीला पडलेले मोठे भोक
तट – किल्ल्याची भिंत, फसील
वेढा – मुहासरा
आख्यायिका – लोकांच्या तोंडी असलेली गोष्ट
फितूर – शत्रूला सामील झालेला, गद्दार
खातरजमा करणे – खरे-खोटे तपासून पाहणे
आळ – खोटा आरोप, तोहमत

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) इब्राहिम आदिलशहा गादीवर आला तेव्हा त्याचे वय किती होते?
(आ) किश्वरखानाने चांदबिबीला कोठे कैदेत ठेवले?
(इ) १५९६च्या तहात मोगलांना कोणता प्रांत मिळाला?
(ई) ‘गुबार-ए-खातिर’ हा ग्रंथ कोठे लिहिला गेला?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) भगदाड पडल्यावर चांदबिबीने काय केले?
(आ) दुसऱ्या वेढ्याच्या वेळी चांदबिबीने कोणता निर्णय घेतला? का?
(इ) चांदबिबीच्या तहाचा आष्टी गावाशी काय संबंध आहे?

३. कारणे द्या.
(अ) मियान मंजू किल्ला सोडून गेला.
(आ) जमावाने चांदबिबीला ठार मारले.

४. खालील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
धैर्य खचणे, आड येणे, विश्वासात घेणे, किंमत मोजणे.

५. शब्द सारखा, अर्थ वेगळा.
उर्दूत ‘तह’ म्हणजे थर किंवा घडी; मराठीत ‘तह’ म्हणजे करार, सुलह. उर्दूत ‘पालक’ ही भाजी. मराठीत ‘पालक’ म्हणजे भाजीही आणि सरपरस्तही. असे आणखी तीन शब्द शोधा व त्यांचे दोन्ही भाषांतील अर्थ लिहा.

६. उर्दूत आणि मराठीत जवळजवळ सारखे असलेले शब्द पाठातून शोधून लिहा. उदा., फौज, खंदक, किल्ला.

७. चर्चा करा.
‘चांदबिबीने दुसऱ्या वेढ्यातही किल्ला लढवायला हवा होता.’ वर्गाचे दोन गट करा. एका गटाने या विधानाच्या बाजूने आणि दुसऱ्या गटाने विरुद्ध बाजूने बोलावे. प्रत्येकाने पाठातील निदान एक घटना आधार म्हणून सांगावी.

८. उपक्रम
शिक्षकांबरोबर आष्टीतील नियाझी यांच्या कबरींच्या इमारती पाहून या. तेथे जे दिसले, त्याचे आठ-दहा ओळींत मराठीतून वर्णन लिहा.